नंतर दाबा, सुखी राहा

"अपडेट आला!" तरंगबाबांनी हात वर केला.

"नंतर!" सगळी इमारत एका सुरात ओरडली.

"कंपनी म्हणते, आत्ता करा!"

"नंतर! नंतर! नंतर!"

रविवारची सकाळ होती. तळमजल्याच्या हॉलमध्ये मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. म्हातारे खुर्च्यांवर, बाया सतरंजीवर, बाकीचे भिंतीला पाठ लावून, आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल. समोरच्या चौरंगावर निळी शाल पांघरून तरंगबाबा बसले होते. पुढ्यात त्यांची ती प्रसिद्ध मखमली पेटी. पेटीत डोकं घातलं की बाबांना घराघरातल्या लहरी वाचता येत, असा इमारतीचा पक्का समज होता.

"माझ्या लेकरांनो," बाबा म्हणाले, "राउटर म्हणजे घराचा प्राण. त्याच्या आत जो प्रोग्राम असतो, ते फर्मवेअर, तो त्याचा आत्मा. जन्माला आला तसाच तो शुद्ध. अपडेट म्हणजे काय? परका आत्मा! तुम्ही आपल्या पोराच्या अंगात परका आत्मा भराल का?"

"नाही!" पोरं असलेले आणि नसलेले सगळेच ओरडले.

खरं सांगायचं तर त्या इमारतीत याआधीही कोणी कधी राउटर अपडेट केला नव्हता. सूचना आली की 'नंतर' दाबायचं आणि पुढचा व्हिडिओ बघायचा, ही सगळ्यांची जुनीच सवय. बाबांनी त्या आळसाला व्रताचं नाव दिलं आणि लोकांना फुकटात पुण्य मिळालं. मग का नाही चालणार बाबांचं दुकान? शिवाय बाबा घरोघरी येऊन राउटरची 'शुद्धी' करत. डबडं उलटं करायचं, त्याची आभा पाहायला मोबाइलने फोटो काढायचा, आणि निळ्या कापडात गुंडाळून ठेवायचं. कापडात डबडं तापून भट्टी व्हायचं. भक्त म्हणायचे, तेज वाढलं!

आणि चमत्कार? बँकवाल्या काकांचा हरवलेला चष्मा सोफ्याखाली आहे, हे बाबांनी हॉलमध्ये बसून सांगितलं. शिवणवाल्या मावशी दार लावून बहिणीच्या आठवणीने रडतात, हेही सांगितलं. दाराआडचं ज्याला दिसतं त्याला काय म्हणायचं? इमारतीने बाबा म्हटलं.

मागे दाराशी चौथ्या मजल्यावरची सून उभी होती. रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला जायची. सासूबाई ओढून आणायच्या म्हणून यायची. 'नंतर' ओरडायची नाही, आणि हे सासूबाईंना सलायचं.

बाबांनी पेटीत डोकं घातलं.

"चौथा मजला," पेटीतून आवाज आला. "एक सून. दुपारी घरात एकटी. फोनवर पुरुषाचा आवाज. आणि सून म्हणते..." बाबांनी डोकं बाहेर काढलं आणि हुबेहूब बायकी आवाज काढला, "'ह्यांना कळता कामा नये हो! शपथ आहे तुम्हाला!'"

शंभर माना एकदम दाराकडे वळल्या. वाक्य तिचंच होतं. शब्दन् शब्द.

"कोण होता गं?" सासूबाई सगळ्यांदेखत किंचाळल्या. "पदरात पोर नाही ते नाही, वर हे धंदे!"

"बोल ना," नवरा म्हणाला. "बोललीस की नाही असं?"

"बोलले," ती म्हणाली. "पण तसं नाही ते."

"मग कसं?"

ते तिला सांगता येईना. सांगितलं असतं तर ती सुटली असती आणि तो मेला असता, या एवढ्या लोकांत. ती गप्प राहिली, आणि इमारतीला हवं ते उत्तर मिळालं. मावशींनी आपल्या पोरीला तिच्याजवळून बाजूला ओढलं. काका मात्र मुद्दाम सरकून जवळ आले आणि तिला खालून वर न्याहाळत राहिले.

घरी आल्यावर नवऱ्याने स्वतःच्या हाताने तिची बॅग भरली आणि दारापाशी ठेवली. "पुढच्या रविवारी बाबांसमोर त्याचं नाव सांगायचं. नाहीतर ही उचलायची."

आठवडाभर घरात तिच्याशी कोणी धड बोललं नाही. जेवताना सासूबाई ताट तिच्याकडे असं सरकवायच्या की आमटी सांडायची. ती पुसायची आणि विचार करायची. तो फोन आला तेव्हा ती घरात, बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. हात गुंतलेले म्हणून फोन स्पीकरवर होता. सासूबाई खाली बाबांकडे, नवरा कामावर. ते वाक्य ऐकायला घरात चिटपाखरू नव्हतं. तिने सहज वर पाहिलं.

कपाटावरून कॅमेरा तिच्याकडे बघत होता. सासूबाई एकट्या असताना पडल्याबिडल्या तर कळावं म्हणून नवऱ्यानेच तो बसवलेला. कोणी म्हाताऱ्यांसाठी, कोणी चोरांच्या भीतीने, इमारतीत घरोघरी असे कॅमेरे होते. कॅमेरा राउटरला जोडलेला, आणि राउटर बाबांचा भक्त!

लॅबमध्ये एक रीत असते. मशीन खरं सांगतंय की थापा मारतंय, अशी शंका आली तर त्यात आपल्या माहितीचा नमुना घालायचा. उत्तर आपल्याला आधीच ठाऊक असतं. मशीन काय बोलतं ते फक्त बघायचं. बाबांनाही एक नमुना पाजायला काय हरकत आहे, असं तिच्या मनात आलं.

मंगळवारी दुपारी घरी एकटी असताना ती कॅमेऱ्यासमोर बसली, बंद फोन कानाला लावला आणि गळा काढला. "काय सांगू तुला ताई! थोरले दीर तळ्यात बुडाले, तेव्हापासून सासूबाई अशा झाल्यात गं. लाल सदरा होता म्हणे अंगात. घरात त्यांचं नावही काढत नाहीत."

तिला थोरला दीर नव्हताच. तिचा नवरा एकुलता एक.

रविवारी हॉल ओसंडून वाहत होता. लहरींसाठी निम्मेच आले असावेत. बाकीच्यांना सून बॅग घेऊन जाताना बघायची होती.

बाबांनी पेटीत डोकं घातलं आणि अंग थरथरवलं. "थांबा! त्या कुलटेचं नंतर बघू. आधी एक आत्मा आलाय. पाणी... तळं... लाल सदरा..." बाबांचा आवाज एकदम पोरकट झाला. "आई गं! ओळखलं नाहीस? मी तुझा थोरला!"

सासूबाई भेदरून उठल्या. सगळी इमारत हुंदके द्यायला तयार होऊन बसली.

"आई," नवरा हळूच म्हणाला, "मला भाऊ कुठे होता?"

सासूबाईंनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा बाबांकडे, एकदा सगळ्या गर्दीकडे. मग छाती पिटून टाहो फोडला, "आला रे माझा बाळ!"

"अगं पण आई, तुला..."

"बाबा म्हणतायत म्हणजे झालाच असेल! बाळंतपणात मी शुद्धीवर कुठे होते?"

सून हसली. एवढ्या लोकांत मोठ्याने हसली आणि तडक चौरंगापाशी गेली.

"थोरला मी जन्माला घातला," ती म्हणाली. "मंगळवारी दुपारी, आमच्या कॅमेऱ्यासमोर. लाल सदराही मीच शिवला. माझ्या तोंडून ते ऐकलं फक्त कॅमेऱ्याने. मग बाबांपर्यंत गेलं कसं?"

"नास्तिक लहरी!" बाबा ओरडले. "पेटीला हात लावशील तर आंधळी होशील!"

तिने पेटी उचलून लोकांकडे फिरवली. आत टॅबलेट होता. त्यावर छोटे छोटे चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात इमारतीतलं एकेक घर. एका चौकोनात काकांचे अंथरुणाला खिळलेले वडील, त्या क्षणी, पोट खाजवत पडले होते.

"अगं बाई! हे आमचं स्वयंपाकघर!" मावशी किंचाळल्या. "मी त्यात अंघोळीहून तशीच..." आणि तोंडावर हात ठेवून मटकन खाली बसल्या.

"सगळ्यांकडे एकाच कंपनीचं डबडं आहे," सून म्हणाली. "त्याच्या फर्मवेअरमध्ये एक छिद्र राहून गेलं होतं. बाहेरचा माणूस त्यातून आत शिरू शकतो. कंपनीला ते कळलं, तिने ते बुजवणारा अपडेट पाठवला. तसं साध्या भाषेत लिहिलंय कंपनीच्या वेबसाइटवर. आपण काय केलं? 'नंतर'! हा माणूस त्या छिद्रातून आत येऊन तुमच्या कॅमेऱ्यात बसला. अपडेट झाला तर छिद्र बंद, दुकान बंद. म्हणून परका आत्मा! आणि डबड्याच्या बुडावर कारखान्याचा पासवर्ड छापलेला असतो, तो कोणी बदलत नाही. आभेचे म्हणून काढलेले फोटो त्या पासवर्डचे होते."

बाबा शाल सावरत दाराकडे सरकले. चौकीदाराने कडी लावून घेतली. त्याच्याही खोलीची शुद्धी झाली होती.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण नवऱ्याचं समाधान झालं नव्हतं. टॅबलेट त्याने हिसकावून घेतला. प्रत्येक घराखाली रेकॉर्डिंगं होती.

"छिद्र वगैरे ठीक आहे. पण तू बोलली होतीस ना? कोणाशी? आत्ता सगळ्यांसमोर कळेल."

"नका लावू." तिने त्याचा हात धरला. "पाया पडते तुमच्या. घरी सांगते. इथे नको."

"का? आता का घाम फुटला?"

"लावा, लावा!" काका ओरडले. इमारतीलाही ते हवंच होतं.

त्याने लावलं. डॉक्टरांचा आवाज हॉलभर घुमला. "तुमचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. मिस्टरांच्या नमुन्यात मात्र एकही शुक्रजंतू नाही. दोनदा तपासलं." मग तिचा आवाज. "ह्यांना कळता कामा नये हो! शपथ आहे तुम्हाला. खचतील ते. मी सांगते घरी, दोष माझ्यात आहे म्हणून."

कोणीतरी आधी खुदकन हसलं. मग मागून दुसरं. ज्या तोंडांनी आठवडाभर तिच्या नावाने थुंकलं, तीच तोंडं आता त्याच्याकडे बघून फिदीफिदी करत होती. त्याने टॅबलेट चौरंगावर पालथा घातला.

सासूबाई त्याच्याजवळ गेल्या. त्याला वाटलं, आई पाठीवरून हात फिरवेल.

"थोरला असता," त्या म्हणाल्या, "तर वंश बुडाला नसता."

पोलीस येऊन बाबांना आणि टॅबलेटला घेऊन गेले. काका घसा खाकरत सुनेपाशी आले. "तो अपडेट... किती दिवसांनी करायचा असतो म्हणे?"

"आपोआप अपडेट व्हायची सोय असेल तर चालू करून ठेवा. नसेल तर दर महिन्याला एकदा स्वतः बघा. आलेला दिसला की त्याच दिवशी करा. कंपनी अपडेट देईनाशी झाली, तर डबडं बदला. पासवर्ड आजच बदला. आणि काका, जो कोणी सांगेल की बघू नका, विचारू नका, नंतर करा, त्याला आधी विचारा, तुझं यात काय अडकलंय?"

काकांनी मान डोलावली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण त्या टॅबलेटात मावशींचं ते अंघोळीचं... होतं का खरंच?"

ती त्यांना तिथेच सोडून वर आली, राउटरवरचं निळं कापड ओढून काढलं आणि अपडेट सुरू केला. डबड्यावरचे दिवे विझले आणि थोड्या वेळाने एकेक करून पुन्हा लागले. एवढंच काम होतं. एक पातेलं दूध तापवायला याहून जास्त वेळ लागतो.

सासूबाई डबड्याकडे बघत मागे उभ्या होत्या. डोळे अजून ओले होते.

"आता थोरला नाही का गं बोलायचा?"

"नाही, आई. ते छिद्र बुजलं."

नवरा दारात उभा होता. बॅग त्याच्या पायाशी होती, त्यानेच भरून ठेवलेली. "माझं चुकलं," तो म्हणाला. "बोलू आपण यावर. आत्ता मला सुधरत नाहीये. नंतर बोलू."

तिने बॅग उचलली आणि जिना उतरायला लागली.