भट्टीच्या गावातला रोमुलो

दुपारी धूर खाली उतरला की आमच्या गावात जिभेवर गोडसर चव यायची. त्या चवीसकट मला बालपण आठवतं. धातू गाळायच्या भट्टीचा भोंगा, शनिवारचा बँड, आणि बाबांच्या कामाच्या कपड्यांतली करडी भुकटी अंगणात झटकणारी आई. तेव्हा रोमुलो तिच्या पोटात होता.

रोमुलो माझा धाकटा भाऊ. सहाव्या वर्षीही त्याला बटणं लावता येत नव्हती, अक्षरं डोक्यात टिकत नव्हती. नापास झाला की हसत घरी यायचा. "बाईंना पुन्हा मीच हवाय वर्गात!"

आई मात्र कुढायची. पोटुशी असताना ती बाबांवर रुसून डोंगर ओलांडून माहेरी गेली होती. "तिथलंच वारं बाधलं माझ्या लेकराला," म्हणायची. त्यानंतर ती त्या वाटेला कधी गेली नाही, आजी वारली तेव्हासुद्धा.

मी राजधानीत, लिमाला शिकले, तिथंच प्रयोगशाळेत लागले. भट्टी बंद पडल्यावर एकदा घरी आले होते. बटाटे सोलताना आईनं पुन्हा तेच काढलं.

"आई, वारं नव्हे, भट्टीतलं शिसं. श्वासातून, कपड्यांतून तुझ्या रक्तात गेलं, तिथून त्याच्या."

"म्हणजे आमचं रक्तच वाईट?"

"नाही गं. तुम्ही दिलेले जीन धडधाकटच असणार. पण मेंदू घडताना कुठला जीन कधी चालू व्हायचा, कधी बंद, याच्या खुणा त्यांच्यावर असतात. शिशानं त्या विस्कटतात, असं आम्हाला दिसतंय. एकट्या रोमुलोबद्दल छातीठोक सांगता येणार नाही. पण डोंगर चढल्यानं असं होत नाही."

आईनं सुरी खाली ठेवली.

"खिंडीत पिवळी फुलं होती," ती एकदम म्हणाली. "आणि हा आतून लाथा मारत होता. इतकं बरं वाटलं होतं मला त्या दिवशी."

एवढ्या वर्षांत हे ती प्रथमच बोलत होती.

"मग जाऊ की," दारात बसलेला रोमुलो म्हणाला. "या खेपेला मी माझ्या पायानं चालतो."

जूनमध्ये आम्ही तिघं आईच्या माहेरी गेलो. आईच्या मावसबहिणीनं तिला मिठी मारली आणि लगेच झापलं, "आत्ता आठवण झाली होय, एउदोसिया?" रोमुलो तीन वाट्या सूप प्यायला आणि उन्हात भिंतीला टेकून झोपून गेला. आई त्याच्याशेजारी बसली, आणि दोघी म्हाताऱ्या संध्याकाळपर्यंत बोलत राहिल्या.