परवानगी येण्याआधी

छतावर सोलर पॅनेल बसून महिना झाला, तरी वीज कंपनीची परवानगी काही येईना. ती येईपर्यंत स्विच ओढायचा नाही, असं बसवणाऱ्यांनी संघमित्राला बजावलं होतं. पण नागपूरहून बाबा अमेरिकेत आलेले आणि त्यात चौदा एप्रिल. जयंतीला त्यांच्याच हातून वीज सुरू करायची, हा तिचा हट्ट. "थोडं वेट करू यार," असं तिचा नवरा प्रितम म्हणाला, पण ऐकतो कोण?

"परवानगी आली न, मित्रा?" स्विचला हात लावताना बाबांनी विचारलं होतं. त्यांची सगळी नोकरी वीज मंडळात लाइनमन म्हणून गेलेली.

"हो बाबा," ती सहज बोलून गेली.

आठवडा गेला. आज दुपारी वादळ आलं, मॉरिसव्हिलमधल्या त्यांच्या गल्लीतली वीज गेली आणि पाठोपाठ लख्ख ऊनही पडलं. कंपनीची गाडी येऊन समोरच थांबली. तिच्या यांत्रिक हाताला लावलेल्या पाळण्यात उभा राहून एक लाइनमन तारांकडे वर जाऊ लागला. बाबा दारात खुर्ची टाकून कौतुकानं बघत होते.

संघमित्राचं लक्ष मात्र तारांकडे गेलं. दुपारची जादा वीज याच तारांतून बाहेर जायची; कंपनी ती त्यांच्या नावावर जमा धरून रात्री परत द्यायची, असा हा व्यवहार. बाहेरची वीज गेली की पॅनेल आपोआप बंद पडतात म्हणे. पण पडतात की नाही, हे तपासूनच तर परवानगी मिळते. यांचं कुणी तपासलंच नव्हतं. पॅनेल बंद पडले नसतील, तर त्या तारांत अजून वीज असणार.

स्विच बाबांच्या खुर्चीमागेच, मीटरशेजारी होता. ओढला तर खोटं उघडं पडणार. कंपनीला कळलं तर अर्ज बाद होणार. आणि या महिन्यानंतर जोडणाऱ्यांना दिलेल्या युनिटामागे अर्धंच युनिट परत मिळणार होतं. खाई त्याला खवखवे. पाळणा तारांच्या जवळ पोचला, तशी ती धावली आणि तिनं स्विचचा दांडा खाली ओढला.

खट् आवाज झाला. बाबांनी वळून पाहिलं. त्यांना सांगावं लागलं नाही.

"आली नव्हती न परवानगी?"

"नाही, बाबा."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते उठले आणि दांड्यावर हात ठेवून उभे राहिले.

"तो खाली येईपर्यंत मी इथून हलत नाही. तू जा, त्याला सांग."

"आता बंद केलंय ना बाबा. सांगितलं तर सगळं कॅन्सल होईल."

"गौतमही बंद लाइनवरच चढला होता," ते म्हणाले. गौतमकाका म्हणजे त्यांचा कामावरचा जोडीदार, खांबावरच शॉक लागून गेलेला. "एका दुकानदाराचा जनरेटर चालू होता. त्याला माहीत होतं. सांगायला आला नाही."

संघमित्रा अनवाणीच ओल्या रस्त्यावर उतरली आणि दोन्ही हात वर करून पाळण्याकडे ओरडत धावली.