उसन्या पडद्यांची मारिंबा

मित्रांनो, चियापा गावात नदीकडे उतरणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी एक संगीतशाळा आहे. तिच्या ओसरीवर चार जण शेजारी शेजारी उभे राहून एकच वाद्य वाजवताना दिसले, तर ते वाद्य मी, असे खुशाल समजावे. मी मारिंबा. वयाने जुनी आहे, परंतु अद्याप निवृत्त झालेली नाही.

आधी माझी रचना सांगते, कारण पुढची सारी हकीकत तिच्यावर उभी आहे. माझ्या अंगावर लाकडी पट्ट्या ओळीने मांडलेल्या आहेत. डावीकडे रुंद, उजवीकडे क्रमाने अरुंद होत गेलेल्या. पट्टीवर रबरी गोळ्याच्या काठीने आघात केला की स्वर निघतो. प्रत्येक पट्टीखाली हलक्या लाकडाची चौकोनी नळी असते. नळीच्या तळाजवळ एक छिद्र, छिद्राभोवती रानमधमाश्यांच्या काळ्या मेणाचे कडे आणि त्या कड्यावर ताणून बसवलेला पडदा. हा पडदा डुकराच्या आतड्याचा असतो. खरवडून आणि वाळवून तो कांद्याच्या सालीइतका पातळ करावा लागतो. पट्टी वाजली की नळीतली हवा हलते, हवा हलली की पडदा थरथरतो, आणि स्वराच्या मागोमाग एक गुणगुण उमटते. तंबोऱ्याला जशी जवारी, तशी मला ही गुणगुण. तिच्यावाचून मी रेखीव वाजते, पण मग मी कोणाचीच वाटत नाही.

मला घडवले आबुंदियो कुंदापी यांनी. माझे लाकूड त्यांच्या चुलीवरच्या आढ्याला कित्येक वर्षे धूर खात पडले होते. ते मधूनमधून त्यावर बोटाने टिचकी मारत आणि म्हणत, "अजून ओलं बोलतंय. राहू दे." जेव्हा ते कोरडे बोलू लागले, तेव्हाच त्यांनी रंधा हाती घेतला. पट्टी पोटाकडून तासली की स्वर उतरतो, टोकाकडून तासली की चढतो. आबुंदियो एकेक पट्टी तासत, कानाशी धरत आणि डोळे मिटत. त्यांच्या तोंडावर हसू फुटले की ती पट्टी पास झाली, असे मी समजत असे.

माझी उमेदीची वर्षे फार आनंदात गेली. लग्न असो, बारसे असो, जानेवारीतली संत सेबास्तियनची जत्रा असो, मला खांद्यावर घेऊन चौघे निघत. आबुंदियो खर्जाच्या बाजूला उभे राहत, मध्ये त्यांचे दोन पुतणे, आणि उजव्या टोकाला साबणाच्या खोक्यावर चढून त्यांची लेक देल्फिना. तिला माझ्या सर्वांत अरुंद पट्ट्या आवडत. तिच्या काठ्या त्यांच्यावर चिमण्यांसारख्या टिपत.

समोरच्या आळीत एर्मिलो तोआला राहत. तेही मारिंबा घडवत आणि वाजवत. आबुंदियो आणि ते तरुणपणी जिवलग मित्र होते. परंतु एका लग्नात आबुंदियो सगळ्या पंगतीसमोर म्हणाले, "एर्मिलोचा खर्ज म्हणजे पोट बिघडलेला बैल." पंगत हसली. एर्मिलो हसले नाहीत. त्या दिवसापासून दोघे गल्लीत समोरासमोर आले की दोघांनाही आभाळात काहीतरी महत्त्वाचे दिसू लागे.

देल्फिना मोठी झाली, राजधानीतल्या संगीत महाविद्यालयात शिकली आणि संगीतरचनाकार झाली. पियानोसाठी, तंतुवाद्यांसाठी तिने रचना केल्या. जाणकारांनी त्यांची वाखाणणी केली. एका जानेवारीत ती घरी आलेली असताना रेडिओवर तिची रचना लागली. घरात सगळे श्वास रोखून बसले. रचना संपल्यावर तिने विचारले, "बाबा, कशी वाटली?"

आबुंदियोंनी विचार करून उत्तर दिले. "छान आहे. स्वच्छ आहे. घासून पुसून ठेवलेल्या ताटासारखी."

"म्हणजे?"

"ताट सुंदर आहे गं पोरी. जेवण कधी वाढणार?"

देल्फिना हसली, पण उठून परसात आली. परसात मी होते. पुतणे कामधंद्यासाठी दुसऱ्या गावी गेल्यापासून मला चौघांचे हात लाभले नव्हते. माझ्यावर गोणपाट होते, गोणपाटावर कोंबड्या होत्या, आणि माझे सारे पडदे उंदरांनी खाऊन टाकले होते. तिने कोंबड्यांना हुसकले आणि एक पट्टी वाजवली. मी फक्त खट् झाले. मग पदराने, म्हणजे आपल्या शालीच्या टोकाने, तिने माझी धूळ पुसली. पुढची मोठी रचना ती माझ्यासाठी करणार, हे मला तेव्हाच कळले.

रचनेचे नाव होते 'घाटावरची सकाळ'. संपूर्ण वाद्यवृंद आणि त्याच्या मध्यभागी मी. राजधानीतले वाद्यवृंदाचे संचालक लिसांद्रो उगाल्दे, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, त्यांना ती आवडली. पुढच्या जानेवारीत आधी चियापातच, चौकातल्या कारंज्यावरच्या विटांच्या कमानीखाली ती वाजवायची आणि नंतर राजधानीच्या मोठ्या सभागृहात, असे ठरले. एकाच मुद्द्यावर त्यांचे आणि देल्फिनाचे पटेना. मास्तरांच्या मते माझी गुणगुण हा दोष होता. "बासरीच्या शेजारी माशी बसल्यासारखं वाटतं," ते म्हणत. देल्फिना म्हणे, "ती माशी नाही मास्तर, तीच माझी रचना आहे." अखेर तडजोड झाली. चियापातल्या रंगीत तालमीत मास्तर आपल्या कानांनी ऐकतील आणि मग गुणगुण ठेवायची की काढायची, ते ठरवतील.

जत्रेचे डुक्कर कापले गेले. आबुंदियोंनी आतडी निवडून घेतली, खरवडली, धुतली, फुगवून दोरीवर वाळवली. तालमीच्या दिवशी सकाळी ती नरम पडावीत म्हणून केळीच्या पानात गुंडाळून मातीच्या पसरट भांड्यात ठेवली. दुपारी कापून मला बसवायची होती. पुतणे दोघेही परतले होते. माझ्या पट्ट्या पुन्हा स्वरात लावून झाल्या होत्या आणि मी उन्हात सज्ज उभी होते.

आमच्याकडे जत्रेच्या दिवसांत स्वच्छ केलेले आतडे भांड्यात दिसले की त्याचा एकच अर्थ होतो: आत खिमा भरून सॉसेज करायचे. आबुंदियोंची बहीण चायो आत्या पाहुण्यांच्या स्वयंपाकासाठी शेजारच्या गावाहून पहाटेच आली होती. तिने भांडे पाहिले, भावाच्या टापटिपीचे कौतुक केले, आणि मसाला वाटायला घेतला.

दुपारी परसात पंगत बसली. तालमीसाठी आलेल्या मास्तरांनी तिसऱ्यांदा वाढून घेतले. "आत्या, असलं सॉसेज मी राजधानीत खाल्लेलं नाही. वरचं आवरण तर जिभेला कळतसुद्धा नाही."

"कसं कळेल?" आत्या खूश होऊन म्हणाली. "माझ्या भावाने खरवडलंय ते. सॉसेजसाठी इतकं पातळ कोणी करतं का? हातातल्या हातात फाटत होतं, कसंबसं भरलं मी."

आबुंदियोंचा घास हातातच राहिला. ते उठून भांड्यापाशी गेले. भांड्यात केळीचे पान तेवढे होते. परत येऊन ते मास्तरांच्या ताटाकडे पाहत राहिले.

"मास्तर," ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही मारिंबाचा आवाज खाल्लात."

एक पुतण्या फिसकन हसला आणि सारी पंगत हसू लागली. आत्या मात्र कपाळाला हात लावून बसली. "अरे, मग भांड्यावर चिठ्ठी तरी लावायचीस."

"तू कधी वाचून स्वयंपाक केला आहेस?"

हसणे ओसरल्यावर परिस्थिती सर्वांच्या ध्यानात आली. नवी आतडी वाळायला दिवस लागतात आणि तालीम दिवस मावळता होती. मास्तर रुमालाने ओठ टिपत म्हणाले, "वाईट वाटतं, पण प्रश्न आपोआप सुटला. अशीच वाजवू या. देल्फिना, तू नुसती हो म्हण, मी राजधानीची तारीख आजच कळवतो."

देल्फिनाने काठ्या उचलल्या आणि माझ्यावर सुरुवातीची ओळ वाजवली. मी शक्य तितक्या चोख वाजले; माझ्या हाती तेवढेच होते. एकही स्वर चुकला नाही. तिने वडिलांकडे पाहिले. आबुंदियोंनी मास्तरांच्या समोरचे रिकामे ताट उचलले आणि धुवायला नेले.

देल्फिनाने काठ्या खाली ठेवल्या. "मास्तर, तालमीपर्यंत वेळ द्या मला," ती म्हणाली, शाल घेतली आणि दारोदार निघाली.

थोड्या वेळाने आमच्या दारात माणसे येऊ लागली. कोणाच्या तळहातावर, कोणाच्या ओल्या फडक्यात एकेक पडदा होता, त्यांच्या स्वतःच्या मारिंबावरून नुकताच सोडवलेला. मित्रांनो, ऐन जत्रेत मारिंबावाल्याने पडदा काढून देणे म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. एक पडदा गेला की त्याचा एक स्वर मुका होतो. उद्या त्याला स्वतःला वाजवायचे असते. तरीही ते येत होते, वर थट्टाही करत होते.

"आत्या, हा जपून ठेवा. यात मसाला भरू नका."

"आण इकडे, मेल्या. नाहीतर तुलाच भरीन."

आबुंदियो मेण ऊन करून कडी वळत होते, पुतणे पडदे ताणत होते. एकेका नळीत जीव येऊ लागला. अखेर सर्वांत डावीकडची नळी तेवढी उरली, मंद्रातल्या शेवटच्या खर्जाची. तिच्या छिद्राला सर्वांत रुंद पडदा लागतो. तेवढी मोठी मारिंबा गावात आणखी एकाच घरी होती, समोरच्या आळीत, आणि त्या घरून देल्फिना रिकाम्या हाताने परतली होती. तो खर्ज रचनेचा शेवट होता. आबुंदियो मेणाचा गोळा बोटांत फिरवत बसले.

दारात सावली पडली. एर्मिलो डोक्यावर टोपी तशीच ठेवून उंबऱ्याबाहेर उभे होते.

"ऐकलं की इथं पाहुण्यांनी मारिंबा खाल्ली."

"नुसते पडदे," आत्या म्हणाली. "लाकूड शिल्लक आहे, वाढू का?"

एर्मिलो देल्फिनाकडे वळले. "पोरी, तुझ्या बापाला विचार, बैलाचं पोट आता बरं आहे का."

आबुंदियो मेणाकडे पाहत म्हणाले, "देल्फिना, त्याला सांग, बैलाचं पोट तेव्हाही बरं होतं. बोलणाऱ्याचे कान बिघडले होते."

"तिला कशाला सांगतोस? मी इथंच उभा आहे."

"मग आत ये. मेण गार होतंय."

एर्मिलोंनी टोपी काढली. टोपीत ओल्या पानात गुंडाळलेला रुंद पडदा होता. तो त्यांनी घरूनच आणला होता. दोघा म्हाताऱ्यांनी गुडघे टेकून तो माझ्या शेवटच्या नळीवर मिळून बसवला आणि तो किती ताणावा यावरून लगेच भांडले. इतके सुखाचे भांडण मी त्यापूर्वी ऐकले नव्हते.

चौघे आपापल्या जुन्या जागी उभे राहिले आणि तालीम सुरू झाली. मास्तरांच्या कपाळावर प्रथम आठी होती. माझे पडदे एकसारखे नव्हते. कोणी घोगरा, कोणी गोड, कोणी किंचित फाटका. त्यामुळे प्रत्येक स्वर निराळ्या घरातून हाक मारल्यासारखा येत होता. मास्तरांनी बासऱ्यांना हळू वाजवायची खूण केली. मग आणखी हळू. अखेरचा खर्ज वाजला, तेव्हा त्यांनी हात उंचावला तो गुणगुण पूर्ण विरेपर्यंत खाली आणला नाही.

"हा आवाज काढायचा असेल," त्यांनी विचारले, "तर कोणाकोणाची परवानगी घ्यावी लागेल?"

"यादी लांब आहे, मास्तर," आबुंदियो म्हणाले. "एर्मिलोपासून सुरुवात करा."

मास्तरांनी एर्मिलोंकडे एकवार पाहिले. "राहू दे," ते म्हणाले. "राजधानीतही असाच वाजेल."

दुसऱ्या दिवशी कमानीखाली सारे चियापा जमले. जत्रेतले मुखवटे घातलेले नर्तकही खुळखुळे थांबवून उभे राहिले. आणि काय गंमत सांगू. मी एकेक स्वर लावू लागले तशी गर्दीत माणसे शेजाऱ्याला कोपर मारू लागली. "हा आमचा." "ऐकलास? हा आमचा." वाद्यवृंदातली मंडळी गोंधळून गर्दीकडे पाहत होती.

शेवटचा खर्ज जवळ आला. आबुंदियो अर्धे पाऊल बाजूला सरकले आणि त्यांनी एक काठी मागे उभ्या असलेल्या एर्मिलोंच्या हाती दिली. दोन म्हाताऱ्यांनी एकाच पट्टीवर, दोन काठ्यांनी, तो स्वर घुमवत ठेवला. विटांच्या कमानीने तो बराच वेळ सोडला नाही. रचनेत तसे लिहिलेले नव्हते. देल्फिनाने वळून पाहिले आणि ती हसत असतानाच तिचे डोळे भरून आले.

निघताना मास्तर चायो आत्याला म्हणाले, "पुढच्या खेपेला मला भाजीच वाढा."

त्यानंतर मी राजधानीत वाजले, परदेशांतही वाजले. आता संगीतशाळेत मुलांचे हात माझ्यावर फिरतात. मित्रांनो, मला पेटीत कुलूपबंद करून कोणी जपू नये. पडदे फाटतात, मेण सुकते, पट्ट्या उतरतात. हे सर्व दुरुस्त होते. न वाजवल्याने जे बिघडते, ते मात्र उंदीर आणि कोंबड्यांच्या हाती जाते. आपल्या घरातले एखादे जुने वाद्य गोणपाटाखाली असेल, तर गोणपाट आजच काढा. ते एकट्याने वाजणार नसेल, तर त्याचीही सोय आहे.

देल्फिनाची ती रचना पुढे छापली गेली. दूरदूरच्या शहरांत, मी कधी पाहणार नाही अशा सभागृहांत, ती वाजते. तिथले वादक अखेरच्या ओळीपर्यंत येतात आणि तिथे खर्जाच्या स्वरावर तिने छापलेली सूचना वाचतात:

येथे शेजाऱ्याला बोलवावे.