तिसऱ्या वर्गाची ओळख

नवरा शरदचंद्र जाऊन चार महिने झाले तरी अनसूयाला रडू आलं नव्हतं. यायला हवं होतं, हे तिला कळत होतं. साल दोन हजार सात. घरच्या फुलांच्या कंपनीचे कागद आता संगणकावरून भरायचे होते, त्याला डिजिटल सही लागे. शरदचंद्रांच्या जागी तिची सही महिनाअखेरपर्यंत झाली नाही, तर गास गावातला फुलांचा सगळा धंदा दीर विलासच्या एकट्याच्या हाती जाणार होता. म्हणून ती वसईच्या कोर्टासमोरच्या चिंचोळ्या गाळ्यात येऊन बसली होती.

तिथली क्षितिजा सह्यांचे अर्ज तपासायची. आदल्या खेपेलाच तिने समजावलं होतं, "काकी, सहीचे तीन वर्ग. पहिल्याला नुसता ई-मेल चालतो, दुसऱ्याला कागद. तुम्हाला तिसरा पायजे. त्याला माणूस समोर लागतो."

"मी समोरच बसलेय की."

"हो, पण कोण बसलंय?"

पोरीचं काही चुकत नव्हतं. शाळेच्या दाखल्यावर कमळी होती, रेशनकार्डावर अनसूया. लग्नात शरदचंद्रांनी ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले, आणि जुन्याचं काय झालं ते कोणी विचारलंही नाही. आता म्हणे दोन्ही नावांनी ओळखणारा साक्षीदार आणा! आईबाप नव्हते. नाव लिहिणाराही गेला. उरला शाळेत बरोबर शिकलेला वॉल्टर, तिच्या लग्नात मांडवाच्या दारात पाणी वाटणारा.

तो अकराला येणार होता. अनसूया दाराकडे पाठ करून कॅलेंडरवरच्या तारखा वाचत होती.

"कमळे!"

क्षितिजाने मान वर केली. बाकावरचे दोघेजण वळले. अनसूया तारखा वाचत राहिली.

"अगे कमळे!"

कोणाला तरी बोलावतायत, असं तिला वाटलं.

वॉल्टर शेजारी येऊन उभा राहिला तेव्हा कुठे तिने पाहिलं. क्षितिजाचं पेन थांबलं होतं. "काका, नक्की ह्याच ना?"

वॉल्टरने अनसूयाकडे नीट निरखून पाहिलं. मग म्हणाला, "हीच. सही कुठं करू?"

क्षितिजाने अर्जावर 'ओळख पटली' असा शिक्का मारला. धंदा वाचला. आनंद व्हायला हवा होता, तोही झाला नाही.

वॉल्टर निघून गेल्यावर अनसूया पायऱ्यांवर थांबली. आजूबाजूला कोणी नाही हे पाहून तिने हळूच हाक मारली, "कमळे."

जरा वेळ वाट पाहिली. कोणीच ओ दिली नाही.