निळ्या शर्टावरच्या माश्या

"आले! आले!" एकच गलका झाला आणि किनाऱ्यावरची माणसं वाळूत गुडघे टेकून बसली. काठीला अडकवलेल्या निळ्या शर्टावर माश्यांचा काळा थर चढत होता. शेजारच्या काठीवर पांढरा शर्ट होता. त्यावर एकही माशी नव्हती.

"बुडालेला माणूस माशी होऊन परततो," दर्याबाबा डोळे मिटून म्हणाला. "पांढरा शर्ट जिवंत माणसाचा. तिकडे फिरकल्या का? आपलं कापड आत्मा बरोबर ओळखतो!"

निळा शर्ट माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा. आठ महिन्यांपूर्वी त्याची होडी बुडाली. प्रेतही हाती लागलं नव्हतं.

"ताई, हे आले बघ," ती म्हणाली. तिचे ओठ निळसर पडले होते, बसल्या जागी धाप लागत होती. गोळ्यांच्या वासाने आत्मा दुरावतो असं बाबाने सांगितल्यापासून, म्हणजे पंधरा दिवस, तिने हृदयाची औषधं बंद केली होती.

"आधी गोळी घे."

"म्हणजे ह्यांनी यायचं थांबावं? तुला काय गं, तुझं सगळं गणगोत टाचणीला टोचून कपाटात बसलेलं!"

ते खरंच होतं. संग्रहालयात किनाऱ्यावरच्या माश्यांचं वर्गीकरण करणं हे माझं काम. पंखांच्या शिरा आणि पायांचे केस पाहण्यात वीस वर्षं गेली होती, आणि त्या आठ महिन्यांत बहिणीकडे मी दोनदाच आले होते.

मी शर्टाजवळ गेले. चपटी पाठ, केसाळ पाय: सगळ्या कुजक्या समुद्री शेवाळातल्या माश्या. ओल्या वाळूवर लांब पायांच्या शिकारी माश्या धावत होत्या, डबक्यांवर हिरवा थर चाटणाऱ्या बारीक माश्या होत्या. त्यांतली एकही शर्टाकडे ढुंकून बघत नव्हती.

"बाबा, बुडालेले सगळे एकाच प्रकारची माशी होतात का हो?"

"शंकेखोराच्या डोळ्यांत वाळू जाते, बाई!"

"जाऊ दे. नाक तर उघडं आहे."

शर्टाला गोडसर वास होता. कुजक्या शेवाळाच्या दुर्गंधीत तो कुणाला जाणवणार? पण आमच्याकडे तेलकट झालेले नमुने ज्या द्रवाने साफ करत, त्याचाच हा वास. गर्दीत कपडे ड्रायक्लीन करणाऱ्या दुकानातल्या मावशी होत्या. त्यांना मी हुंगायला लावलं.

"अगं बाई, हे तर आमच्या दुकानातलं! कफनीवर डाग पडलाय म्हणून हाच बाटली भरून घेऊन गेला. आणि माश्या म्हणशील, तर किनाऱ्याला शेवाळ लागलं की दुकानात ह्याच! हाकलून हाकलून हात दुखतात."

बाबाच्या 'मंतरलेल्या पाण्याची' बाटली मी उचलली आणि माझ्या रुमालावर चार थेंब टाकले. रुमाल दगडावर पसरला. बघता बघता तो काळा झाला.

"तुमचं कोण बुडालं, बाई?" मागून कुणीतरी हळूच विचारलं.

"कुणी नाही. बुडायला मला आहे कोण?"

ह्या माश्यांना तो वास का ओढतो ते मला ठाऊक नव्हतं, आणि तसं मी सांगितलं. पण ओढतो हे सगळ्यांनी पाहिलं होतं. बाबाने तोवर काढता पाय घेतला होता.

बहिणीने शर्ट काढून छातीशी धरला. "मग इतके दिवस मी बोलत होते ते कुणाशी?"

मी तिच्याजवळ वाळूत बसले.

"निदान कुणीतरी यायचं, ताई. तू नाही आलीस."

घरी गेल्यावर मला शिव्याशाप देत तिने गोळी घेतली. मी रजा वाढवली. महिनाभर ती माझ्याशी धड बोलली नाही, मी मात्र रोज तिच्याशेजारी बसत राहिले. पुढे ती एकोणीस वर्षं जगली.

आता मीही म्हातारी झाले, म्हणून स्पष्ट सांगते. चमत्कार दिसला की गुडघे टेकू नका. जवळ जा, नीट बघा, हुंगा, प्रश्न विचारा. डॉक्टरांनी दिलेलं औषध बाबाच्या शब्दावर सोडू नका. आणि ज्याच्या घरचं माणूस गेलं आहे, त्याच्याकडे बाबा पोचण्याआधी तुम्ही पोचा.