रांगेत शेवटी उभा तो चोर

१९८७ सालच्या वैशाखात शेलार गावच्या बाळारामशेठच्या अंगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. शेठच्या घरातून सोन्याचा पोहेहार नाहीसा झाला होता आणि चोर पकडायला पोलिसांऐवजी ताम्रेश्वर महाराज आले होते. पोलीस काही रजेवर नव्हते. पण महाराजांकडे कांब होती.

कांब तांब्याची, करंगळीएवढी जाड, हातभर लांब. महाराजांनी ती धुनीत लालबुंद केली आणि बादलीतल्या पाण्यात बुडवली. चर्र आवाज झाला. लोकांनी हात जोडले.

"एकाने वाकवायची, पुढच्याने सरळ करायची," महाराज म्हणाले. "निष्पाप हातात तांबं लोणी होतं, चोराच्या हातात अडतं. मानाप्रमाणे उभे राहा!"

हे शेलारात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शेठ पुढे, मग शेठाणी आनंदीबाई, मग शेठचा भाऊ हरी, मग टेम्पोवाला काळूराम आणि सगळ्यांच्या मागे भांडी घासणारी गुणाबाई.

शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये इद्रीसचे चार लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, होते. लाईट गेली म्हणून तो दारात येऊन उभा राहिला. शेड शेठचीच, तेव्हा तोंड बंद ठेवायचं त्याने ठरवूनच टाकलं होतं.

शेठनी कांब हसत हसत वाकवली. आनंदीबाईंनी थोडा जोर लावून सरळ केली. हरीला दात-ओठ खावे लागले.

"मनात थोडा मत्सर आहे," महाराज म्हणाले, "चोरी नाही."

काळूरामला दरदरून घाम फुटला, पण कांब कशीबशी सरळ झाली.

"याने देवापुढचं खोबरं खाल्लंय."

काळूरामने मान खाली घालून तेही कबूल केलं.

मग गुणाबाई. तिने कांब गुडघ्यावर घेतली, दाबली, पुन्हा दाबली. कांब हलली नाही. अंगणात एकच गिल्ला झाला. "चोर! हिला आजच्या आज गावाबाहेर काढा!" कुणीतरी तिचा दंड धरून तिला फाटकाकडे ओढायला लागलं.

इद्रीसला ते बघवेना. तोंड बंद ठेवण्याचा त्याचा बेत तिथेच बारगळला.

"शेठ, एक मिनिट! हीच कांब आता परत तुम्ही वाकवा."

शेठ हसत पुढे आले. थोड्या वेळाने हसायचे थांबले. तोंड लाल झालं, कांब जागची हलली नाही. हरीनेही हात टेकले. महाराजांच्या कायद्याने शेठनी स्वतःचाच दागिना चोरला होता.

"मंत्राचा प्रभाव ओसरला," महाराज घाईने म्हणाले.

"मंत्राचा नाही, धुनीचा."

इद्रीसने कांब धुनीत लाल केली, पाण्यात बुडवली आणि गुणाबाईच्या हातात दिली. गुणाबाईने ती एका दमात वाकवली.

"आयटीआयला पहिल्याच वर्षी शिकवतात हे," इद्रीस म्हणाला. "धातूच्या आत बारीक कण असतात, कणात थरावर थर. थंड धातू वाकवला की थर एकमेकांवरून सरकतात, म्हणून कांब वळते. पण दर वेळी आत गुंता वाढत जातो, सुताचा होतो ना, तसा. शेवटी थरांना सरकायला वावच राहत नाही. धातू कडक होतो. लाल तापवला की जुन्या कणांच्या जागी नवे, बिनगुंत्याचे कण तयार होतात आणि तो परत नरम. माझ्या लूमवरची तारही वाकून वाकून अशीच कडक होते. तिला कुणाचं पाप समजत नाही."

एव्हाना महाराज मानकोलीला जाणाऱ्या रिक्षात बसले होते.

शेठ खाकरले. "गुणाबाई, झालं ते झालं. उद्या कामावर ये."

"शेट, सतरा वर्सां तुमची भांडी घासतंय," गुणाबाई म्हणाली. "तुमी तांब्याला इचारलाव. माना कोनी इचारलाच न्हाय."

दुसऱ्या दिवशी गुणाबाई इद्रीसकडे सुताच्या कांड्या भरायला बसली.

पोहेहार कुणी नेला ते आजतागायत कळलेलं नाही. नाही कळलं तर नाही कळलं म्हणावं, त्यात कमीपणा कसला? आणि कुणी चमत्काराने चोर दाखवू लागला, तर हात जोडण्याआधी एवढंच करा: तीच परीक्षा रांगेतल्या पहिल्या माणसाला पुन्हा द्यायला लावा.