अकरा वाजून दहा मिनिटं

"मावशी, खरं सांगा. मागच्या वायरला हात लावलात ना?"

"मी फरशी पुसते, साहेब. तुमच्या त्या पेटीला माझा लांबूनच रामराम."

रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेतला सर्व्हर सलग तिसऱ्या दिवशी अकरा वाजून दहा मिनिटांनी बंद पडला होता. पडदा काळा, त्यावर पांढऱ्या अक्षरांची गिचमिड आणि बाहेर रिपोर्टसाठी ताटकळलेली माणसं. सर्व्हर सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाची नोकरी बावीस वर्षांची. सोमवारी संध्याकाळी त्यानेच यंत्रावर लिनक्सचा नवा कर्नल चढवला होता, म्हणजे गाभाच बदलला होता. पण आपल्या हातावर कोण संशय घेतो? मावशी अकराला बादली घेऊन आत यायची. त्याला तेवढं पुरलं.

त्याने प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना लेखी दिलं : सफाईवाली वायर हलवते. मावशीला तळघरात धाडलं. कामावर ठेवायचं की नाही, ते शनिवारी ठरणार होतं.

शुक्रवारी त्याने सर्व्हरच्या खोलीला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि बाहेर घड्याळाकडे बघत बसला. अकरा दहाला यंत्र पुन्हा आडवं.

"ही त्या इलेक्ट्रिशियनची करणी आहे," तो पुटपुटला. मग शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईंकडे त्याची नजर गेली. "तुम्हीही फार गप्प आहात हल्ली."

"झालं! आता माझा नंबर. अहो, गप्प नाही, वाचतेय. ती पांढरी अक्षरं तुम्ही एकदा तरी वाचलीत?"

नव्हती वाचली. दर वेळी घाईघाईने बटण दाबून यंत्र पुन्हा सुरू केलं होतं. बाईंनी पडद्याचा फोटो पुढे केला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे एका ड्रायव्हरचं नाव होतं. रक्त तपासणारं मशीन सर्व्हरला जोडायला तंत्रज्ञाने स्वतःच पंधरा वर्षांपूर्वी लिहिलेला छोटा प्रोग्रॅम. बेतलेला जुन्या कर्नलवर. जुळो न जुळो, जबरदस्तीने चालू कर, असा हुकूमही त्यानेच यंत्राला देऊन ठेवला होता. मशीन रोज अकरा दहाला पहिले आकडे पाठवायचं आणि नवा कर्नल तिथेच कोलमडायचा.

जुना कर्नल लावून त्यांनी तेच आकडे पुन्हा पाठवले. यंत्र हूं की चूं न करता चाललं.

मॅडमसाठी नवा कागद लिहून तो तळघरात उतरला.

"मावशी, हे मॅडमना देतोय. तुमच्यावरचा आळ गेला."

मावशीने हात पदराला पुसले आणि कागद घेतला. एकेक अक्षर जुळवत, ओठ हलवत तिने तो वाचला. तो ताटकळत उभा राहिला.

"'यंत्रात दोष होता.' एवढंच?"

"तेवढं पुरेल."

"माझ्या वेळी तर सरळ माझ्यावर बोट ठेवलं होतंत. यंत्र काय आपल्या मनाने बिघडलं?"

त्याने कागद भिंतीला टेकवला आणि खाली लिहिलं : चूक माझी होती. मावशीने तेही वाचलं.

"उद्यापासून या वर," तो म्हणाला.

"त्या खोलीत दुसरी कुणी द्या. पुन्हा काही बंद पडलं की तुम्ही आधी माझ्याकडेच बघाल."

मावशीने फडकं पिळलं.

"बाजूला व्हा. इथलं पुसायचं राहिलंय."

तो जिन्याच्या पायरीवर चढला. ती पुसत पुसत त्याच्या पायांपर्यंत आली आणि तिथून मागे वळली.